डॉ. लॉरी, तुम्ही बदललंत काय आणि मोजलंत काय?

डॉ. एडवर्ड लॉरी यांस,


हे पत्र हैदराबादच्या बेगम बाजारातून लिहितो आहे. तुम्ही ज्या अफझलगंज दवाखान्यात शस्त्रक्रिया करायचात, तो इथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. सिद्दीअंबर बाजार मागे टाकला की अफझलगंज, आणि पुढे मुसा नदी. सप्टेंबर १९०८ च्या पुरात तो दवाखाना गेला. पुढे तिथंच उस्मानिया रुग्णालय उभं राहिलं. आवारातल्या चिंचेच्या झाडाला धरून त्या रात्री दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. ते झाड अजून आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोग म्हणजे काय, हे नववीच्या वर्गात सांगताना दोन शब्द फळ्यावर येतातच. आपण मुद्दाम, आपल्या हातानं जे बदलतो ते स्वतंत्र चल. त्या बदलामुळे ज्याच्यात फरक पडतो का हे आपण मोजतो ते अवलंबी चल. बाकी सगळं जसंच्या तसं धरून ठेवायचं. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन गुण मिळवतात. स्प्रिंगला वजनं लावली की ती किती ताणली जाते, हे पुस्तकातलं उदाहरण बरोबरच आहे. पण ते दोन शब्द चुकीच्या जागी बसले तर काय होतं, हे स्प्रिंग सांगत नाही. ते तुमच्या कामातून कळतं, आणि तेही आमच्या घरापासून इतक्या जवळ घडलेल्या कामातून. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमचा प्रश्न कुठून निघाला ते आधी मांडतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना नसेल. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मची भूल जगापुढे आणली. तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विन्लेटन गावात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं, तेवढंच. रुमालावर क्लोरोफॉर्म घेऊन तिला हुंगवला आणि काही मिनिटांत खेळ आटोपला. पुढे असे मृत्यू येतच राहिले, आणि डॉक्टरांना छळत होती ती त्यांची तऱ्हा. माणूस धडधाकट असायचा, शस्त्रक्रिया किरकोळ असायची, दात काढणं, नख काढणं असली. आणि पुष्कळदा मृत्यू यायचा तो भूल पुरती चढण्याआधीच.

हे मृत्यू कशानं? लंडनकडचे म्हणत, क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाव घालतो, नाडीवर बोट ठेवा. जॉन स्नो यांनी तर वाफेचं प्रमाण मोजलं होतं. शंभर भागांत चार-पाच भाग वाफ असली तर धोका कमी, त्याच्या दुप्पट झाली तर हृदय एकाएकी बंद पडू शकतं, असं त्यांचं मत होतं. एडिंबरोकडचे म्हणत, नाडीचं सोडा, श्वास बघा. श्वास नीट चालू ठेवलात तर रुग्ण मरणार नाही. तुम्ही एडिंबरोचे, जेम्स साइम यांच्या हाताखाली तयार झालेले. गुरूची शिकवण घेऊन तुम्ही हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन म्हणून आलात, वैद्यक शाळेची सूत्रं हाती घेतलीत, मुलींना तिथं प्रवेश दिलात. रूपाबाई फर्दूनजी या हैदराबादच्या पारशी मुलीनं त्याच शाळेत शिक्षण घेतलं, क्लोरोफॉर्म द्यायला ती तिथंच शिकली आणि तुमच्या प्रयोगांतही तिचा हात होता. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये आज तिचं नाव घेतात. या एका गोष्टीसाठीही मी तुमचा ऋणी आहे.

भूल देण्याची तुमची रीत साधी होती. कापूस घातलेली उघडी शंकूसारखी टोपी, भरपूर हवा, आणि छातीच्या वरखाली होण्यावर डोळा. हजारो रुग्णांना तुम्ही अशी भूल दिलीत, आणि तुमच्या दवाखान्यात मृत्यू होत नाहीत असं तुम्ही ठणकावून सांगत होतात. ईथर वापरावा म्हणावं तर हैदराबादच्या उन्हाळ्यात तो ३५ अंशांना उकळायला लागतो, बाटलीतूनच उडून जातो, आणि दिव्याजवळ भडकतो. म्हणजे क्लोरोफॉर्म हाच तुमचा आधार होता. त्याच्यावरचा आरोप खोडून काढणं ही तुमच्यासाठी नुसती वादावादीची बाब नव्हती.

१८८८ मध्ये पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. १४१ कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आलं, आणि दर वेळी आधी श्वास थांबला, मग हृदय. लंडनच्या 'लॅन्सेट'नं त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले: तुमचाच माणूस पाठवा आणि डोळ्यांदेखत करून घ्या. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन आले. औषधांच्या परिणामांचे ते त्या काळचे मोठे जाणकार, आणि येताना त्यांचं मत तुमच्या विरुद्ध होतं. कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या, मांजरं, ससे मिळून ४९० जनावरं झाल्याचं त्यांनी 'लॅन्सेट'ला तारेनं कळवलं, त्यांतली १२० रक्तदाब मोजायचं यंत्र जोडून. जाताना ब्रंटन तुमच्या बाजूचे झाले होते: धोका आहे तो श्वास कोंडण्याचा आणि जादा मात्रेचा, हृदयाला थेट धोका मुळीच नाही.

तुम्ही आडमुठेपणानं एकच गोष्ट घोटत बसला नव्हतात, हेही नोंदवायला हवं. विरोधकांनी जे जे सुचवलं ते तुम्ही करून पाहिलंत. अर्धवट भुलीत दात उपटून पाहिले, नखं काढून पाहिली. हृदय आधीच दुबळं असेल तर, या शंकेसाठी जनावरांना फॉस्फरस घालून पाहिला. आजही एखादी संशोधक मंडळी इतक्या खुल्या मनानं विरोधकाला आपल्या प्रयोगशाळेत बोलावतील असं मला वाटत नाही.

आता तुमचा प्रयोग त्या दोन शब्दांत मांडतो. स्वतंत्र चल: क्लोरोफॉर्मची मात्रा, वाढवत न्यायची ती श्वास बंद पडेपर्यंत. अवलंबी चल: आधी काय थांबतं, श्वास की हृदय. तुमच्या बहुतेक प्रयोगांचा गाभा हाच होता. आणि या प्रश्नाचं तुमचं उत्तर खरं आहे. मात्रा वाढवत गेलं की आधी श्वास थांबतो. शे-पाचशे काय, पाच हजार जनावरं घेतली असती तरी तुम्हाला हेच दिसलं असतं.

पण हॅना ग्रीनर अशी मेली नव्हती. तिला कुणी मात्रा वाढवत वाढवत नेलं नव्हतं. डॉक्टरांची झोप उडवणारे मृत्यू सुरुवातीला, हलक्या भुलीत, भेदरलेल्या माणसांचे होत होते. तिथं विचारायचा प्रश्न हा होता की, क्लोरोफॉर्म थोडाच असताना आणखी काय बदललं की हृदय एकाएकी बंद पडतं. त्या प्रश्नात क्लोरोफॉर्म हा बदलायचा घटकच नाही. तो हलका ठेवून, तसाच धरून, दुसरं काहीतरी बदलून पाहायचं. तुम्ही एका प्रश्नाचं उत्तर शोधलंत आणि ते दुसऱ्याच प्रश्नावर लावलंत. त्या उत्तराच्या भरवशावर पुढे कित्येक वर्षं नाडीकडे बघू नका असं शिकवलं गेलं, हे मला फार लागतं.

आणि जिथं तुम्ही हलक्या भुलीकडे वळलात, दात आणि नखं, तिथं आकडा आडवा आला. क्लोरोफॉर्मनं होणारे मृत्यू काही हजारांमागे एक, असा त्या काळचा साधारण अंदाज होता. मग काही शेकडो जनावरांत तो अपघात एकदाही दिसला नाही, यात नवल नाही. तो न दिसणं हे तो नसण्याचा पुरावा कसा धरता येईल? ४९० हा आकडा तारेत वाचताना भारी वाटतो. पण जो प्रकार काही हजारांत एकदा घडतो, त्याला पकडायला तो आकडा तोकडा होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वर्गात समजावताना मी कापूर घेतो. आमच्या गल्लीत घाऊक कापराची दुकानं आहेत, आणि कापराच्या डब्यात चार काळे मिरे टाकले की कापूर उडत नाही, हे इथला प्रत्येक दुकानदार सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं पूजासाहित्याचं दुकान आहे. तिनं हे तपासायचं ठरवलं. मिरे घातलेला कापूर तिनं दुकानातल्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवला, आणि बिनमिऱ्यांचा कागदाच्या पुडीत, कारण रिकामी बरणी एकच होती. दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तिनं रोज वजन घेतलं, वहीत सुरेख तक्ता आखला. पुडी हलकी होत गेली, बरणी जवळजवळ तशीच. तिनं निष्कर्ष लिहिला: मिऱ्यांमुळे कापूर टिकतो. वर्गात तक्ता फिरला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "पण झाकण?" ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी दोन गोष्टी बदलल्या, सर." सध्या दोन सारख्या बरण्या, सारख्या वजनाचा कापूर, एकीत मिरे, एकीत नाही, असा तिचा प्रयोग चालू आहे. वजनं ती रोज घेते आणि निकाल अजून कुणाला सांगत नाही, मलाही नाही.

तुमच्याकडे असं झाकण कोणतं होतं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर मात्राच मोजलेली नव्हती. उघड्या टोपीतून किती वाफ जाते आणि किती हवा, हे उन्हावर, वाऱ्यावर, कापूस किती ओला आहे त्यावर ठरतं. स्नो यांनी तापमान धरून वाफ मोजायचं यंत्र तुमच्या चाळीस वर्षं आधीच वापरलं होतं. लंडनचेच भूलतज्ज्ञ क्लोव्हर यांनी १८६२ मध्ये मोजून मिसळलेली वाफ मोठ्या पिशवीत भरून द्यायला सुरुवात केली होती. जे बदलायचं तेच मोजलेलं नसेल, तर त्याचा परिणाम मोजून हाती काय लागणार? तुमची 'जास्त' मात्रा आणि ग्लासगोच्या एखाद्या डॉक्टरची 'जास्त' मात्रा एकच होती का, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, आणि तरी दोन्ही बाजू एकमेकांचे निकाल खोडत होत्या.

दुसरं, रक्तदाब. तुमच्या जनावरांत क्लोरोफॉर्मबरोबर रक्तदाब घसरत होता, हे फिरत्या कागदावरच्या रेघांत तुम्हालाही दिसलं होतं. तुमचं म्हणणं, ही घसरण हृदय दुबळं पडल्याची नाही. पण क्लोरोफॉर्म श्वासावाटे गेला की तो मेंदूतही पोचतो आणि हृदयातही. एकाच वेळी दोन ठिकाणी बदल होत असताना घसरण कोणामुळे, हे कसं सांगणार? केंब्रिजचे गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ मध्ये याची गाठ सोडवली. त्यांनी दोन जनावरांचे रक्तप्रवाह नळ्यांनी असे जोडले, की एकाच्या मेंदूला दुसऱ्याचं क्लोरोफॉर्म मिसळलेलं रक्त जावं आणि त्याच्या हृदयाला स्वतःचं स्वच्छ रक्त. क्लोरोफॉर्म नुसत्या मेंदूला गेला तेव्हा रक्तदाब घसरला नाही. तो हृदयापर्यंत गेला तेव्हा घसरला. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत देखणा प्रयोग हाच. शेकडो जनावरांनी जे सुटलं नाही, ते एकाच गोष्टीला बाकीच्यांपासून तोडल्यानं सुटलं.

तुमच्या शहराला लागून, सिकंदराबादेत, तुमच्या दुसऱ्या कमिशननंतर आठ वर्षांनी रोनाल्ड रॉस यांनी हेच केलं, निराळ्या विषयात. मलेरियाचे रुग्ण होते तसेच, डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची रीतही तीच. राखाडी आणि पट्टेरी डास फाडून ते थकले होते, काही सापडत नव्हतं. डासाची जात बदलली, ठिपकेदार पंखांचे डास मिळाले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्या डासाच्या पोटाच्या आवरणात काळ्या कणांच्या पेशी दिसल्या. डास हा एकच घटक आहे असं आपण समजत होतो, आणि त्याच्या आत जात हा खरा बदलणारा घटक दडलेला होता. माझ्या मते क्लोरोफॉर्मचंही तसंच झालं. 'क्लोरोफॉर्म' हा एक घटक धरला गेला, पण त्यात किती, किती खोल, सलग की थांबत थांबत, आणि त्या वेळी शरीरात भीती किती, अशा किती तरी गोष्टी होत्या.

त्या सोडवल्या गुडमन लेव्ही या डॉक्टरांनी, १९११ च्या सुमारास. त्यांनी मांजरांना हलकी भूल दिली आणि ती हलकीच ठेवली. मग अॅड्रेनलिन टोचलं, भेदरलेल्या शरीरात जे आपोआप उसळतं तेच. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय मोडली, ते आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरायला लागले आणि मांजर गेलं. खोल भुलीत हे होत नव्हतं. भूल मध्येच काढून पुन्हा दिली, तरी धोका वाढत होता. हॅना ग्रीनरसारख्या मृत्यूंना साठहून अधिक वर्षांनी उत्तर मिळालं: धोका जादा मात्रेतच नव्हता, कमी मात्रेतही होता, भीतीच्या जोडीनं.

आता तुमच्या बाजूनं एक मुद्दा मांडतो, कारण तो कुणी मांडलेला मला दिसला नाही. तुमच्या दवाखान्यात मृत्यू का होत नव्हते? तुम्ही म्हणालात, श्वासाकडे लक्ष असल्यामुळे. लेव्ही वाचल्यावर मला वेगळं वाटतं. तुमच्या हाताखालचे लोक भूल एकदा सुरू केली की थांबत नव्हते. उघड्या टोपीतून, भरपूर हवेबरोबर, सलग देत रुग्णाला पुरत्या भुलीपर्यंत नेत होते. रेंगाळणं नाही, मध्येच काढून परत लावणं नाही. म्हणजे ज्या हलक्या, अर्धवट भुलीत हृदय थरथरतं, त्या टप्प्यात तुमचा रुग्ण फार काळ राहतच नव्हता. तुमची रीत बरी होती. ती कशामुळे बरी होती, याचं कारण मात्र तुम्ही दुसऱ्याच घटकाला जोडलंत. श्वासावर डोळा ठेवा हा तुमचा आग्रह आजच्या भूलतज्ज्ञालाही मान्य आहे. त्याच्या यंत्रावर श्वासाची रेघ असतेच. नाडी बघू नका, हे मात्र कुणी ऐकत नाही. श्वासाच्या रेघेशेजारी हृदयाच्या ठोक्यांची रेघही सतत चालू असते.

माझ्या मुलांना मी तुमच्याबद्दल सांगतो तेव्हा ती विचारतात, मग ते वाईट शास्त्रज्ञ होते का? मी स्वच्छ नाही म्हणतो. विरोधकाला घरी बोलावणारा, त्याच्या शंका करून पाहणारा, एका मुलीच्या हाती भुलीची टोपी देणारा माणूस वाईट शास्त्रज्ञ कसा असेल? पण निजामाचे पौंड, लंडनचे पाहुणे, शेकडो जनावरं, रक्तदाबाचं यंत्र, एवढं सगळं हाताशी असताना एक दिवस तरी क्लोरोफॉर्म हलका धरून बाकीचं बदलून पाहायला हवं होतं, हे मला तुम्हाला सांगायचं आहे. लेव्हींना उत्तर मिळालं ते मांजरांत. ब्रंटन यांच्या तारेत जनावरांची जी यादी आहे, तिच्यात मांजरं तुमच्याकडेही होती.

आपला,
बेगम बाजारातला एक विज्ञानशिक्षक